रस्ता पक्का, टोकं कच्ची



२०२० सालचा मे महिना. निम्मं जग घरात कोंडलेलं असताना युरोपातल्या महासंगणकांना एकामागून एक टाळं लागत गेलं. एडिनबर्ग विद्यापीठ चालवत असलेला ‘आर्चर’ हा ब्रिटनचा राष्ट्रीय महासंगणक ११ मे रोजी बंद करावा लागला. पाठोपाठ जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातल्या विद्यापीठांचे क्लस्टर, म्युनिकजवळचं लायब्निझ संगणन केंद्र आणि स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय केंद्र, सगळीकडे वापरकर्त्यांना प्रवेश बंद. काही ठिकाणी घुसखोरांनी ही अवाढव्य यंत्रं चक्क आभासी चलन कमवायच्या कामाला जुंपली होती. पण हे लोक आत आले कसे? कुणी कूटलिपी फोडली नव्हती, कुणी भिंत ओलांडली नव्हती. संशोधकांच्याच चोरलेल्या किल्ल्या घेऊन ते पुढच्या दाराने आले होते. एका यंत्रावर किल्ली सापडली की ती दुसऱ्यावर चालवायची, तिथून तिसऱ्यावर. ‘आर्चर’वरचे सगळे जुने पासवर्ड आणि सगळ्या जुन्या किल्ल्या रद्द करून प्रत्येक वापरकर्त्याला नव्याने सुरुवात करावी लागली.

विद्यापीठातल्या क्लस्टरवर फाइल पाठवणं आणि तिथून परत आणणं, या वरवर कारकुनी वाटणाऱ्या कामाबद्दल आज बोलायचं आहे, ते यासाठीच.

क्लस्टर म्हणजे जाळ्याने जोडलेल्या शेकडो संगणकांचा जथा. पुण्याला याचं अप्रूप नाही. १९९१ साली सी-डॅकने ‘परम ८०००’ इथेच उभा केला, आणि आज पाषाणच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे. अशा क्लस्टरवर काम करणारी मुलं बहुतेक संगणकशास्त्राची नसतात. कुणी रेणूंचं गणित करतं, कुणी पावसाचं, कुणाकडे गव्हाच्या जनुकांचा डेटा असतो. गणित क्लस्टरवर होतं, पण डेटा असतो प्रयोगशाळेत किंवा घरच्या लॅपटॉपवर. तो तिथे न्यायचा, उत्तर घेऊन यायचं. गाइड सांगतात, ‘अमक्याला विचार, तो कमांड देईल.’ अमका देतो. ती कमांड मग पाच वर्षं तशीच चालते, तिच्यात काय आहे हे न कळता.

फाइल पाठवण्याचा पहिला सर्वमान्य रिवाज, एफटीपी, एका भारतीयाने लिहिला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत एमआयटीत असताना, एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी तो मांडला. त्या काळी जाळ्यावर मोजकी यंत्रं होती आणि माणसं एकमेकांच्या ओळखीची होती. त्यामुळे पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. कुणी कान लावून बसेल अशी शंकाच नव्हती.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेमकं तेच घडलं. विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्रॅम सापडला. तिथले संशोधक टाटू इलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून सगळी देवाणघेवाण कूटलिपीत करणारं एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी सगळ्यांसाठी खुलं केलं. एफटीपीचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, २१ आणि दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. आजही जगभरातले क्लस्टर ठोठावायचे ते बहुधा याच क्रमांकावर.

एससीपी, एसएफटीपी, आरसिंक ही नावं तुम्ही ऐकली असतील. क्लस्टरवर ही सगळी एसएसएचच्याच आवरणातून जातात. विंडोजवर विनएससीपी किंवा फाइलझिला वापरणारेही आतून तेच करत असतात, फक्त फाइलझिलात जोडणी एफटीपीची नसून एसएफटीपीची आहे ना, एवढं बघून घ्यावं. वाटेत कुणी कान लावला तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरं लागतात. म्हणजे रस्ता पक्का झाला. कच्ची राहिली ती दोन टोकं.

पहिलं टोक पलीकडचं. नव्या क्लस्टरला पहिल्यांदा जोडणी केली की पडद्यावर एक सूचना येते: या यंत्राची खात्री पटत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? ठसा म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. माझ्या पाहण्यात ती सूचना वाचणारा विद्यार्थी विरळाच. हात आपोआप ‘यस’ टाइप करतात. खरं म्हणजे आपण ज्याच्याशी बोलतोय तो क्लस्टरच आहे, मध्येच बसलेला कुणी तोतया नाही, हे तपासायची ती जागा आहे. अनेक संगणन केंद्रं हा ठसा आपल्या माहितीपत्रकात देतात. दोन्ही शेजारी ठेवून एकदाच जुळवायचं. पुढे कधी ठसा बदलला तर संगणक मोठ्या अक्षरांत ओरडून सांगतो. तेव्हा जुनी नोंद पुसून पुढे जाण्याआधी अ‍ॅडमिनला फोन करावा. यंत्र नवं बसवलं असेल तर ठसा बदलतोच. पण ते त्यांच्या तोंडून कळायला हवं.

दुसरं टोक आपलं, आणि युरोपात घात झाला तो इथेच. पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणं चांगलं: सार्वजनिक किल्ली क्लस्टरवर ठेवायची, खासगी आपल्यापाशी. पण जोडी तयार करताना संगणक पासफ्रेज, म्हणजे त्या किल्लीचाच पासवर्ड, विचारतो, आणि विद्यार्थी दोनदा एंटर दाबून मोकळे होतात. अशी किल्ली ही फक्त एक साधी फाइल असते. लॅपटॉप चोरीला गेला, त्यात व्हायरस शिरला किंवा तो दुरुस्तीला दिला, तरी ती कुणालाही कॉपी करता येते. त्याहून वाईट सवय म्हणजे एका क्लस्टरवरून दुसऱ्यावर उडी मारता यावी म्हणून खासगी किल्लीच क्लस्टरवर नेऊन ठेवायची. आणि प्रयोगशाळेतल्या पाच जणांनी एकच खातं वापरायचं, ही तर आपल्याकडची खास सोय. ‘सरांचा पासवर्ड’ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला मी पाहिला आहे. उद्या काही झालं तर कुणी केलं हे सरांनाही सांगता येणार नाही. ओटीपीचा दुसरा टप्पा आला की मुलं कुरकुरतात. माझं मत विचाराल तर तो आधीच यायला हवा होता.

आता डेटा. आकडा सांगतो: १०० मेगाबिटच्या जोडणीवरून एक टेराबाइट पाठवायला, सगळं सुरळीत चाललं तरी, बावीस तासांहून जास्त लागतात. तेवढ्यात वीज जाते, वाय-फाय तुटतं. म्हणून मोठ्या कामाला आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात १९९६ साली ते पुढे आणलं. दोन्ही बाजूंच्या फाइलींचा मेळ घालून जे बदललं तेवढंच ते पाठवतं. तुटलेलं काम पुन्हा लावलं की पोचलेल्या फाइली सोडून पुढे सरकतं. रेडिओवर कमांड वाचून दाखवण्यात अर्थ नाही, पण एक खोड सांगतोच. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर आरसिंक आतला माल नेतं, नाही दिली तर फोल्डरसकट नेतं. त्यात ‘डिलीट’चा पर्याय जोडलेला असेल, तर मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते पलीकडून पुसलं जातं. म्हणून आधी कोरडी चाचणी, म्हणजे ‘ड्राय रन’. त्यात काहीच हलत नाही, काय हललं असतं याची यादी मात्र मिळते.

लाखभर बारीक फाइली सुट्या पाठवणं म्हणजे पोतंभर ज्वारी दाणा दाणा उचलून नेणं. आधी टार करून एक गठ्ठा बांधावा, त्याचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेली छोटी खूण, काढावा आणि पोचल्यावर पुन्हा काढून जुळवावा. एक बिट जरी बदलला तरी चेकसम जुळत नाही. शिवाय डेटा पाठवण्यासाठी वेगळा नोड, म्हणजे क्लस्टरमधला स्वतंत्र संगणक, दिला असेल तर तोच वापरा. लॉगिन नोड शंभर जणांचा असतो, त्याचा श्वास कोंडू नका.

आणि निकाल हाती आले की घरी आणा. क्लस्टरवरची स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची, जागा ठराविक दिवसांनी साफ केली जाते, तिचा बॅकअप नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच स्क्रिप्टमधल्या चुकीने ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही. तिथे चोर नव्हता, व्हायरस नव्हता. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत क्लस्टरच्या बाहेर असलीच पाहिजे, मग क्लस्टर कुणाचाही असो.

क्लस्टर वापरणाऱ्या श्रोत्यांना एवढीच विनंती, की आज रात्री आपली खासगी किल्ली तपासा. तिला पासफ्रेज नसेल तर नवी किल्ली करायची गरज नाही. एसएसएच-कीजेन या कमांडला ‘पी’ हा पर्याय दिला की आहे त्याच किल्लीला पासफ्रेज लावता येतो, आणि अ‍ॅडमिनला काही कळवावंही लागत नाही.