जूनमधली नवी ताई

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मॉन्टेसरीवर व्याख्यान आहे म्हटल्यावर आपण मुलांबद्दल ऐकायला आला असाल. मी बोलणार आहे ती येत्या जूनमध्ये त्या वर्गात पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या ताईबद्दल. तिचा कोर्स आत्ताच संपलाय. साधनांच्या वह्या रंगीत चित्रांसह पूर्ण आहेत, परीक्षकांसमोर गुलाबी मनोरा तिने एकही ठोकळा न आपटता रचून दाखवलाय. शाळा सुरू झाली की तिच्यासमोर अडीच ते सहा वर्षांची तीसेक मुलं असतील. काही रडत असतील, काही दाराकडे पळत असतील, आणि मनोऱ्याचे दहा ठोकळे दहा दिशांना गेलेले असतील.

तिला शिकवलेलं असतं की मूल स्वतः शिकतं, आपण मध्ये पडायचं नाही. म्हणून ती पडत नाही. एक जण मण्यांची माळ गरगर फिरवतो, ती निरीक्षण करते. दुसरा कपाटावर चढतो, ती वहीत नोंद करते. असे चार दिवस गेले की धीर सुटतो, आणि पाचव्या दिवशी तीच ताई ‘हाताची घडी, तोंडावर बोट’वर येते. ती स्वतः लहानपणी ज्या बाईंच्या वर्गात बसली, त्या बाईंचा आवाज तिच्या तोंडून निघायला लागतो. मग लोक म्हणतात, ही पद्धत आपल्याकडे चालत नाही.

माझ्या मते इथे चुकतो तो क्रम. या पद्धतीच्या जनक मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. पुढे अहमदाबादच्या अभ्यासक्रमात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांवरून ‘द अ‍ॅब्सॉर्बंट माइंड’ हे पुस्तक तयार झालं आणि १९४९ साली मद्रासला छापलं गेलं. म्हणजे ते आपल्याच देशातल्या शिक्षिकांपुढे बोललेलं पुस्तक आहे. त्यात शिक्षिकेच्या तयारीवर एक प्रकरण आहे आणि तिच्या वागण्याचे तीन टप्पे आहेत. आधी तिने खोली, साधनं आणि स्वतःला नीटनेटकं, प्रसन्न ठेवायचं. मग, मुलांचं लक्ष अजून कशावरच ठरत नसताना, गोष्टी, गाणी, खेळ, जे सुचेल ते करून त्यांना जवळ ओढायचं. याच टप्प्यात कोणी दुसऱ्याला त्रास देत असेल तर सरळ मध्ये पडून थांबवायचं. हे खुद्द बाईंनीच सांगितलंय. मध्ये न पडण्याचा नियम तिसऱ्या टप्प्याचा आहे, मूल एखाद्या कामात बुडाल्यानंतरचा. आपण नव्या ताईला तिसरा टप्पा पाठ करून देतो आणि वर्ग मात्र पहिल्याच्याही आधीचा देतो.

सुरुवातीची गोष्टही हेच सांगते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे मुलांचं घर, उघडलं. जागा देणाऱ्या कंपनीला शिक्षणाची फार तळमळ होती असं नाही. तिने कामगारांच्या पडक्या इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली पोरं नव्या भिंती अन् जिने खराब करायची. त्यांना एका खोलीत बसवणं कंपनीला परवडलं. पन्नासेक मुलं, आणि सांभाळायला इमारतीच्या रखवालदाराची मुलगी. शिक्षिकेचं कसलंही शिक्षण तिला नव्हतं. साधनं कुलूपबंद कपाटात असत. ती काढून देई, परत आत ठेवी. एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि तिला यायला उशीर झाला. येऊन पाहते तर मुलांनी कपाट उघडून आपापलं साधन घेतलेलं. तिला ती चोरी वाटली. मॉन्टेसरीबाईंना दिसलं ते असं, की साधनं आता इतकी ओळखीची झाली आहेत की मुलं निवड करू शकतात. तिथून उघडी, बुटकी कपाटं आली. कोर्समध्ये ही गोष्ट मुलांच्या स्वातंत्र्याची म्हणून सांगतात. मला ती क्रमाची वाटते. आधी ओळख झाली, मग कपाट उघडलं.

म्हणून जूनमध्ये कपाटं जवळजवळ रिकामी ठेवावीत. संस्थाचालकांना हे रुचत नाही. पालक यायचे म्हणजे सगळी मांडणी दिसायला हवी. पण ज्या साधनाचं काम मुलाला कोणी दाखवलेलंच नाही, ते त्याच्या लेखी फेकायची वस्तू आहे. पहिले काही आठवडे शिकवायचं ते चटई कशी पसरायची, कशी गुंडाळायची, दुसऱ्याच्या चटईला वळसा घालून कसं जायचं, खुर्ची आवाज न करता कशी उचलायची, ताई बोलत असेल तर तिच्या खांद्यावर हात ठेवून कसं थांबायचं. पावसाळा तर यासाठी देणगीच आहे. रेनकोटची बटणं, छत्री मिटणं, पायपुसण्याला पाय पुसणं, सांडलेलं पाणी फडक्याने टिपून बादलीत पिळणं. हे बाजारातून आणावं लागत नाही. फक्त घाई करून चालत नाही.

आणि घाई कोण करतं? मावशी. याबद्दल कोर्समध्ये कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून इथे बोलते. मावशी त्या शाळेत पंधरा-वीस वर्षं आहेत. ताई तेवीस वर्षांची. मूल बटणाशी झटत असतं, मावशी मायेने येतात, दोन सेकंदांत रेनकोट उतरवतात, वर गालगुच्चा घेतात. ताईने काय करायचं? तिथल्या तिथे सर्वांदेखत टोकलं तर मावशी दुखावणार आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा माठ रिकामा असणार. ज्या शाळांत हे जमतं तिथे जूनच्या आधी मावशींनाही दोन दिवस बसवलेलं असतं, पुढच्या रांगेत, हातात साधन देऊन. आपण कामवाल्या नाही, वर्गातल्याच एक आहोत, हे त्यांना पटलं की मुलाच्या हातातली वाटी हिसकावून घेणं आपोआप थांबतं. रडणारं मूल तर मावशी ताईपेक्षा लवकर शांत करतात. ते काम बिनदिक्कत त्यांच्याकडे द्यावं.

साधनावरून भांडणं होणारच. मनोरा वर्गात एकच असतो आणि एकच असावा. कनवाळू पालक दुसरा भेट द्यायला निघतात, तो घेऊ नये. थांबणं शिकायला दुसरी जागा कुठे आहे?

जुलै सरता सरता वर्ग जरा बसतो, तेव्हा दुसरी परीक्षा येते. रोमच्या निरीक्षणांवरून मॉन्टेसरीबाईंनी सकाळच्या कामाचे आलेख काढले. मुलं आली की सोपी, ओळखीची कामं करतात. तासाभराने, दहाच्या सुमारास, वर्गात चुळबुळ सुरू होते, आवाज वाढतो, मुलं इकडून तिकडे फिरतात. पाहणाऱ्याला वाटतं, दमली. खरं म्हणजे मूल तेव्हा दिवसातलं सगळ्यात मोठं काम शोधत असतं, आणि थोड्याच वेळात त्यात शिरतं. नवी ताई नेमकी त्याच दहा मिनिटांत टाळी वाजवून सर्वांना गोल करून बसवते आणि बडबडगीत सुरू करते. घंटाही बऱ्याच शाळांत तेव्हाच होते, डब्यासाठी. मग वर्षभर मुलं सोपंच काम करत राहतात आणि ताई म्हणते, यांचं लक्ष टिकत नाही. अशा वेळी तिने भिंतीला पाठ लावून बसावं, सगळा वर्ग नजरेत येईल असं. एखाद-दुसरं मूल खरोखर भरकटलं असेल तर तेवढ्याला हळूच जवळ घ्यावं. बाकी हलू नये.

असं काम हाती लागलं की काय होतं, हे दाखवणारी, मॉन्टेसरीबाईंनी वर्णन केलेली तीनेक वर्षांची एक मुलगी आहे. लाकडी ठोकळ्यातले दट्टे काढून पुन्हा बसवत होती. भोवती सगळ्यांना गायला लावलं, खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि चाळीसहून अधिक वेळा तेच केलं. आज तिची खुर्ची कोणी उचलणार नाही, समोर फोन धरेल. पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो हवेत, आणि फोटो घेताना ताई म्हणणार, “व्वा, इकडे बघ!” मूल बघतं. काम तिथेच संपतं. शाळांनी रोजचे फोटो सरळ बंद करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान पहिल्या सत्रात तरी.

साधनं महाग आहेत ही तक्रार खरी आहे. पण ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसह १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, ते परदेशी पेट्यांवर नव्हे. पानं, बिया, शंख-शिंपले, काड्या त्यांनी घेतल्या. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. नव्या ताईने संस्थेशी साधनांवरून भांडण्याआधी कोसबाड पाहून यावं.

आता दोन विनंत्या. पहिली संस्थाचालकांना. सगळी मुलं एकाच दिवशी आणू नका. जुनी, मोठी मुलं आधी आठवडाभर येऊ द्या; वर्गाच्या रीती त्यांच्या हाती असल्या की नवी पाच-सहा मुलं त्यांच्याकडे बघून शिकतात. आणि ताईकडे दिवाळीच्या आत प्रगतीचे तक्ते मागू नका.

दुसरी पालकांना. घरी आल्यावर “आज काय शिकवलं?” विचारू नका, अक्षरं कधी काढणार हे तर ताईला मुळीच विचारू नका. शाळेची खरेदी आपण याच आठवड्यात करणार असाल. डबा असा घ्या, की त्याचं झाकण मुलाला स्वतः उघडता येईल. चपला बंदाच्या नकोत, मूल आपलं आपण घालेल अशा घ्या. रेनकोट मोठ्या बटणांचा बघा. दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि त्याला जमेपर्यंत थांबा.