आवळलेला नट पुन्हा बघा



मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर बजावलं होतं, 'करिअरवर दहा मिनिटं बोला.' पण शाळेच्या गेटातून आत आलो, वर्कशॉपचं दार दिसलं आणि करिअर तिथंच राहिलं. आठवीत आमच्या सरांनी तिथं चार बोल्टांची एक प्लेट हातात दिली होती. पहिलाच नट एकदम पिळणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसायची. "थोडा हा, मग समोरचा. सगळे बसले की पुन्हा पहिल्यावर ये!" पुढे रेल्वेत रुळांवर जन्म गेला, पण त्या पट्टीपलीकडचं फारसं काही कुणी शिकवलं नाही.

स्टेशनवर रूळ आणि स्लीपर यांना धरून ठेवणारी वाकडी क्लिप तुम्ही पाहिली असेल. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरनं ती काढली. त्यांच्या आडनावावरून तिला पॅन्ड्रोल म्हणतात. गाडीच्या हादऱ्यांनी नट सैल होतो. ही क्लिप मात्र स्प्रिंगची असल्यानं रूळ सतत दाबून धरते. तरीही रुळांची देखभाल करणारा कीमॅन रोज हातोडा-पाना घेऊन आपली लाइन पायी तुडवतो, निघालेली क्लिप ठोकून बसवतो, जॉइंटचे बोल्ट आवळतो. कालच आवळले होते, म्हणून आज घरी बसत नाही. बाकी तांत्रिक माहिती राहू दे. नाचाची मुलं मेकअप करून ताटकळली आहेत.

मुलांनो, माझा हट्ट एकच: केलेल्या कामाकडे परत जा. गणित सुटलं की वही मिटू नका, पडताळा घ्या. मैत्री केलीत तर भांडण नसतानाही विचारपूस करा. होस्टेलला गेलात तर पैसे संपायच्या आधी घरी फोन करा. नवं सुरू करायला सगळेच पुढे असतात. आवळलेलं पुन्हा तपासायला कुणी जात नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

हे पहिल्या रांगेलाही लागू आहे बरं का! अध्यक्षमहाराज, नव्या प्रयोगशाळेच्या कोनशिलेवर नावं ठळक आहेत, अभिनंदन. पण मघाशी तिथला पंखा लावला, तर तो डुलतोय. शिडी मागवा, हुकाचा बोल्ट बघून घ्या. आणि माजी विद्यार्थी मित्रहो, याच स्टेजवर टाळ्यांच्या गजरात जाहीर केलेल्या देणग्यांची पावती फाडली का, तेही बघा. माझी मी आजच फाडतो.

पुढच्या वर्षी बोलावलं नाहीत तरी येईन आणि आधी पंखा बघेन.