रक्त पातळ करणारी गोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मी परिचारिका, तेव्हा औषधपाण्याविषयीच चार शब्द सांगते. हृदयाची झडप बदललेली किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेली माणसे आपल्या ओळखीत असतात. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी देतात. ती रक्तात पाणी घालीत नाही, रक्त गोठणे मंद करते. त्यांतली जुनी गोळी वॉरफरिन. १९४८ साली ती उंदरांचे विष म्हणून बाजारात आली आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागली. तेव्हा सारा खेळ मापाचा! म्हणून आयएनआर ही रक्ततपासणी चुकवू नये. बहुतेकांचा आकडा २ ते ३ असावा लागतो. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण रक्तस्रावाचे भय त्यांनाही आहेच.

अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. पालेभाजी सोडू नये, पण एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर मुळीच नाही, असेही करू नये.

शौचास डांबरासारखे काळे झाले, लघवीत रक्त दिसले, पोट वा मांडी एकाएकी सुजून दुखू लागली, डोके असह्य दुखले, तर सकाळची वाट पाहू नका. पालीहून भाईंदर स्टेशन गाठण्यातच वेळ जातो. गोळ्यांचे पाकीट व तपासणीचे कागद बरोबर घ्या.

डॉक्टर आधी औषधाचा परिणाम उतरवितात. वॉरफरिनवर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन असते. तरीही आतली धमनी वाहत राहिली, तर पुष्कळदा पोट न फाडताही उपाय होतो. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवितात, क्ष-किरणांखाली गळती शोधतात आणि तारेची चिमुकली वेटोळी सोडून ती जागा बुजवितात. सुईच्या छिद्रातून नळी घालण्याची ही वाट स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली दाखविली. बहुधा तेवढीच जागा बधिर करावी लागते. पायात ताजी गुठळी असून गोळी बंदच करावी लागली, तर पोटातल्या मोठ्या शिरेत बारीक जाळी बसवितात. ती गुठळीला फुप्फुसाकडे जाऊ देत नाही; गरज सरली की बहुधा काढून घेतात.

भगिनींनो, हे ऐकून भीतीने कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झडपेवर गुठळी धरली तर तेही जिवावर बेततेच. गोळी कधी थांबवावी आणि पुन्हा कधी सुरू करावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आपण लक्ष ठेवावे आणि वेळेवर निघावे.