वस्तीतलं मैदान

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ती करायची कुठे?

नागपुरात २००१ साली याला एक वाट सापडली. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतली मुलं तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला आणि त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभं राहिलं. पुढे इथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचले. ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की खेळाची ओढ मुलांत आधीपासूनच होती. नव्हता तो फक्त चेंडू, आणि पाठीशी उभं राहणारं माणूस.

मुलींचं मात्र वेगळं. पाणी भरणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं यातच संध्याकाळ सरते. म्हणून खेळाची वेळ त्यांना विचारून ठरवावी. मैदान घराजवळ, उजेडातलं हवं. शिकवणारी ताई वस्तीतलीच असली, तर आईवडीलही निर्धास्त राहतात.

कबड्डीला, खो-खोला चेंडूसुद्धा लागत नाही, जागा लागते. शाळा सुटली की पटांगणाला बहुतेकदा कुलूप लागतं. ते संध्याकाळी दोन तास उघडं ठेवावं, अशी लेखी मागणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे जरूर मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.