गाडीत काहीच नको: सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याची गाडी घेताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला. ऑनसाइट आलोय, किंवा आईबाबा येतायत, लाँग वीकेंडला गाडी घेऊन सॅन फ्रान्सिस्को करायचं आहे, काय काळजी घ्यायची? तर आज तेच. फिरायच्या जागा तुम्हाला रील्सवर मिळतील, मी फक्त गाडीबद्दल बोलतो.

या शहरात तुम्हाला कोणी अडवून लुटेल याची भीती फार बाळगू नका. खरा त्रास आहे तो काच फोडून सामान नेण्याचा. २०१७ मध्ये एकट्या या शहरात अशा ३० हजारांहून जास्त तक्रारी पोलिसांकडे नोंदल्या गेल्या. गेल्या दोन-तीन वर्षांत आकडा बराच खाली आलाय, हेही सांगायला हवं. पण फुटपाथच्या कडेला काचेचा चुरा अजूनही दिसतो. दिसला तर समजून जा, तिथे गाडी लावायची नाही.

हे काम काही सेकंदांचं असतं. मागची छोटी काच फोडायची, सीट पुढे पाडायची, डिक्कीत हात घालायचा, संपलं. म्हणून 'डिक्कीत ठेवलंय, दिसत नाही' हे इथे चालत नाही. शिवाय भाड्याची गाडी ओळखू येते, काचेवर बारकोडचा स्टिकर असतो. आणि आपण काय करतो? स्पॉटवर पोचतो, गाडी लावतो, मग खाली उतरून सगळ्यांसमोर बॅगा सीटवरून डिक्कीत टाकतो. बघणारा बघत असतो. ठेवायचंच असेल तर आधीच्या ठिकाणाहून निघतानाच ठेवा.

सगळ्यात धोक्याचा दिवस कुठला माहितीये? शेवटचा. हॉटेल सोडलेलं, सगळ्या बॅगा गाडीत, फ्लाइटला चार तास आहेत, मग 'चल, गोल्डन गेटजवळ एक शेवटचा फोटो काढू'. फिशरमन्स वॉर्फ, अलामो स्क्वेअरची ती रंगीत घरं, पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स, ट्विन पीक्स, सगळीकडे हीच गोष्ट. माझ्या ऑफिसमधल्या एकाचे आईवडील आले होते, त्यांचं अगदी असंच झालं. दहा मिनिटं, आणि लॅपटॉपची बॅग गेली. लॅपटॉपचं काही नाही हो, पण त्या बॅगेत तिघांचे पासपोर्ट होते.

आता याचा अर्थ नीट ऐका. पासपोर्ट गेला तर इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून नवा मिळतो, किंवा घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत जाण्यापुरतं. आणि त्यातला अमेरिकेचा व्हिसा? तो अमेरिकेत राहून बदलून मिळत नाही. त्यासाठी देशाबाहेर जाऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. नोकरी इथे, घर इथे, आणि स्टॅम्पिंगची तारीख मिळेना, अशी अवस्था होते. म्हणून पासपोर्ट अंगावर, किंवा हॉटेलच्या तिजोरीत. गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही. फोटोकॉपी ईमेलवर टाकून ठेवा. चेकआउट झाल्यावरही हॉटेलवाले सहसा बॅगा ठेवून घेतात, विचारा. फिरून या, बॅगा उचला, थेट विमानतळ.

काच फुटलीच तर कोणाच्या मागे धावू नका. चोर समोर दिसत असेल तर ९११. निघून गेला असेल तर पोलिसांच्या साइटवर ऑनलाइन तक्रार करता येते. ती करा, कारण विमा आणि पासपोर्ट दोन्हीसाठी तो रिपोर्ट लागतो. मग गाडीवाल्या कंपनीला फोन.

बरं, चालवण्याबद्दल थोडं. उजवीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, घोळ होतो तो चढ-उतारावर गाडी लावताना. हँडब्रेक लावाच, पण चाकंही वळवायची. तोंड उताराकडे असेल तर चाकं फुटपाथकडे, चढाकडे असेल तर फुटपाथपासून लांब. गाडी सुटलीच तर फुटपाथच्या कडेला अडली पाहिजे, एवढं साधं आहे. हा नियम आहे, नाही केलं तर दंड. कडेला लाल रंग असेल तर थांबायचंच नाही, निळा दिव्यांगांसाठी. आणि काही रस्त्यांवर ऑफिसच्या गर्दीच्या वेळात पार्किंग बंद असतं, तेव्हा नुसता दंड नाही, गाडीच उचलून नेतात. बोर्ड शेवटपर्यंत वाचा. गोल्डन गेटचा टोल दक्षिणेकडे, म्हणजे शहरात येतानाच लागतो, आणि तिथे रोख घेतच नाहीत. गाडीच्या नंबरवरून बिल येतं. कंपनी त्यावर आपलं शुल्क लावते का, ते गाडी घेतानाच विचारा.

शेवटचं, आणि हे आईबाबांना आवर्जून सांगा. मागे पोलिसांचे दिवे लागले तर उजवीकडे बाजूला घ्या आणि गाडीतच बसा. आपल्याकडे मामांनी शिट्टी मारली की आपण उतरून, लायसन्स हातात घेऊन, 'साहेब, काय झालं' करत जातो. इथे तसं उतरून चालत गेलात तर समोरचा ते धोका समजू शकतो. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी सांगा, 'तिथे आहेत, काढू का?' आणि मगच हात घाला. मागच्या सीटवरच्या काकांनीही खिशात हात घालून काही शोधू नये. आणि पैसे द्यायचा विचारही नको, तो इथे वेगळा, मोठा गुन्हा होतो.

लायसन्सचं राहिलं. आपलं भारतीय लायसन्स पर्यटकाला कॅलिफोर्नियात चालतं, पण काही कंपन्या काउंटरवर इंटरनॅशनल परमिट मागतात. ते निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून घ्या, वर्षभर चालतं. इथे आल्यावर मिळणार नाही.

पासपोर्ट हरवल्यावरचे फॉर्म कसे भरायचे, यावर बऱ्याच जणांनी विचारलंय. तो पूर्ण वेगळा भाग होईल. भेटू पुढच्या आठवड्यात.