विज्ञानकादंबरीतील साम्राज्ये
(विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



विज्ञानकादंबरी म्हटली की अग्निबाण, यंत्रमानव आणि परग्रहावरची चित्रविचित्र माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. असली पुस्तके परीक्षा संपल्यावर वाचायची, असा वडीलधाऱ्यांचा समज असतो. पण त्यांतील दोन तरी पुस्तके इतिहासाच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी तुम्हांला विनंती आहे.

पहिले एच. जी. वेल्स यांचे 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. ते १८९८ साली पुस्तकरूपाने निघाले. आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव लंडनमध्ये थाटाने साजरा झाला होता. त्याच लंडनवर वेल्स मंगळवासी सोडतो. तीन पायांची यंत्रे, उष्णतेचा झोत, काळा विषारी धूर. आणि जगावर राज्य करणारे लोक बोचकी घेऊन रस्तोरस्ती पळत सुटलेले! ही कल्पना निघाली टास्मानिया बेटावरून. तेथील मूळ रहिवाशांचा युरोपियनांनी अवघ्या पन्नास वर्षांत केवढा संहार केला, याचा उल्लेख वेल्स पहिल्याच प्रकरणात करतो. मग मंगळवासीयांनी तेच केले तर आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार, असा त्याचा रोख आहे. (ते लोक समूळ नष्ट झाले, हा त्या काळचा समज होता. त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत.)

मला स्वतःला मात्र लढायांपेक्षा पुटनीच्या टेकडीवर भेटणारा तोफखान्यातील शिपाई अधिक महत्त्वाचा वाटतो. तो म्हणतो, पोटभर खायला मिळाले की काही माणसे पिंजऱ्यातही सुखाने राहतील. आणि काहींना तर मंगळवासी शिकवून तयार करतील व आपल्याच भाईबंदांची शिकार करायला लावतील. परकी सत्ता केवळ परक्यांच्या बळावर चालत नाही, हे हिंदुस्थानातील वाचकाला समजावून सांगायला नको. गंमत अशी की हाच शिपाई भुयारात नवे राज्य उभारण्याचे बेत करतो, त्या राज्यात दुबळ्यांना जागा ठेवत नाही, आणि थोडेसे खणून झाले की पत्ते खेळत बसतो.

दुसरी कादंबरी येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची, 'वुई' म्हणजे 'आम्ही'. झाम्यातिन जहाजबांधणीतला इंजिनिअर. त्याच्या राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, घरे काचेची. तेथे एक अवकाशयान बांधले जात आहे. कशासाठी? तर इतर ग्रहांवरच्या जिवांना सुखी करण्यासाठी. आणि त्यांना ते सुख नको असेल, तर सक्तीने! वसाहती वसविणाऱ्यांची सारी भाषा या एका यानात मावली आहे.

त्या राज्यात निवडणूकही होते. या खेपेला हजारो हात विरोधात वर होतात. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी वृत्तपत्रात मात्र राज्यकर्त्याची निवड एकमताने झाल्याचे छापून येते. १९२४ साली ही कादंबरी प्रथम इंग्रजी भाषांतरात न्यूयॉर्कला निघाली. लेखकाच्या मायदेशी ती छापली जायला १९८८ साल उजाडले. झाम्यातिन १९३७ मध्येच पॅरिसला वारला होता.