जेजुरीचा गाढवबाजार

पौष पौर्णिमेला जेजुरीत खंडोबाच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, परीट अशा समाजांचा हा जुना मेळा. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं, मग भावाचं बोलतं. गावरानापेक्षा उंचापुऱ्या काठेवाडी गाढवाला पैसे जास्त. त्याच काठेवाडातली, म्हणजे सौराष्ट्रातली, पांढरी हालारी जात मात्र आता दुर्मीळ झाली आहे.

देशात २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९च्या पशुगणनेत जेमतेम सव्वा लाख. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, मातीकामाला जेसीबी. तरी जिथं चाक चढत नाही, अशा गडवाटांवर दुरुस्तीची वाळू अजून गाढवंच वाहतात. आणि आपण त्यांचं नाव शिवी म्हणून वापरतो!